बायझंटाइन माणसाचं रोजचं जगणं पाहायला कुठे जावं? इस्तंबूल, थेस्सलोनिकी, मिस्त्रास आणि रावेन्ना

बायझंटाइन संस्कृती पाहायला जायचंय म्हटलं की सगळे एकाच शहराचं नाव घेतात: इस्तंबूल. सम्राट, सोनेरी मोझेक (बारीक तुकडे जडवून केलेली चित्रं) आणि अजस्र घुमट पाहायचे असतील तर ते बरोबरच आहे. पण तुमची उत्सुकता वेगळी असू शकते. त्या काळचा साधा माणूस कसल्या घरात राहायचा, पाव कुणाकडून आणायचा, अंघोळीला कुठे जायचा, आजारी पडला तर त्याच्याकडे कोण बघायचं, त्याच्या बायकोच्या अंगावर काय असायचं? हे प्रश्न डोक्यात घेऊन निघालात तर उत्तर बदलतं. ज्यांच्याकडे एकच मोठी सुट्टी आहे आणि पैसे जपून खर्च करायचे आहेत, त्यांच्यासाठी हा आढावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकच गाव निवडायचं असेल तर ग्रीसमधलं थेस्सलोनिकी निवडा. दोन जमत असतील तर आधी थेस्सलोनिकी, मग इस्तंबूल, आणि तेही याच क्रमाने. ग्रीसमधलंच डोंगरउतारावरचं मिस्त्रास ज्याचे गुडघे साथ देतात त्याने अजिबात सोडू नये. इटलीतली रावेन्ना सुंदर आहे, पण या प्रश्नासाठी तिचा नंबर शेवटचा.

निवडीआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॉन्स्टंटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, ही रोमन साम्राज्याची पूर्वेकडची राजधानी ३३० साली वसवली गेली आणि १४५३ साली पडली. मधली अकराशे वर्षं आपण ‘बायझंटाइन’ या एका नावाखाली घालतो. ते लोक स्वतःला रोमनच म्हणवत, बोलत मात्र बहुतांशी ग्रीक. सहाव्या शतकातला माणूस मोठ्या सार्वजनिक स्नानगृहात जायचा, रथांच्या शर्यतींवर जीव टाकायचा. चौदाव्या शतकातल्या माणसाचं शहर आक्रसलेलं होतं, स्नानगृहं लहान झाली होती आणि शर्यती संपल्या होत्या. म्हणजे कुठे जायचं या प्रश्नाच्या पोटात कोणत्या काळात जायचं हाही प्रश्न आहे. रावेन्ना तुम्हाला सहाव्या शतकात नेते. मिस्त्रास तेराव्या ते पंधराव्या शतकात. उरलेल्या दोन शहरांत सगळे थर एकावर एक आहेत.

इस्तंबूल: कागद भरपूर, घर एकही नाही

राजधानीची मोठी जमेची बाजू म्हणजे तिच्याबद्दल लिहून ठेवलेलं प्रचंड आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, सम्राट सहावा लिओ याच्या नावाने, शहरातल्या व्यापारी आणि कारागिरांसाठी नियमांचं एक पुस्तक तयार झालं. ‘एपार्क’ म्हणजे नगराचा मुख्य अधिकारी. हे त्याच्या अखत्यारीतलं नियमपुस्तक. रेशीम विकणारे, मेणबत्त्या आणि साबण करणारे, खाटीक, मासळीवाले, पाववाले, दारूचे गुत्तेवाले, दस्त लिहिणारे, सगळे त्यात आहेत. पाववाल्यांना आणि त्यांच्या जनावरांनाही सरकारी वेठीतून सूट होती, कारण शहराचा पाव एक दिवसही थांबून चालणार नव्हता. धान्य महागलं की पावाची किंमत वाढत नसे, वजन कमी होई, आणि ते किती करायचं हे अधिकाऱ्याला विचारून ठरे. किराणा दुकानं शहरात कुठेही काढायला परवानगी होती, म्हणजे लोकांना रोजच्या सामानासाठी लांब जावं लागू नये. त्या दुकानांत खारवलेले मासे, चीज, मध, तेल आणि डाळी मिळत, आणि शेजारीच खिळे आणि मातीची भांडीही.

याच पुस्तकातला अत्तरवाल्यांचा नियम वाचला की शहर नाकासमोर उभं राहतं. त्यांनी आपली मेजं ‘मिलिऑन’पासून राजवाड्याच्या दरवाजापर्यंतच मांडायची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ताच्या प्रतिमेपर्यंत आणि राजवाड्यापर्यंत सुगंध पोचेल. मिलिऑन म्हणजे साम्राज्यातली सगळी अंतरं जिथून मोजली जात तो बिंदू. त्याचा एक दगडी अवशेष आया सोफियाजवळ रस्त्याच्या कडेला आजही उभा आहे. हजारो पर्यटक त्याच्याकडे न बघता पुढे जातात. तुम्ही थांबा, आणि तिथून राजवाड्याच्या दिशेने मिरी, दालचिनी, कस्तुरी, अगरू आणि धूप यांची रांग मनाने मांडून बघा.

त्या मेजांवरची मिरी समुद्रमार्गे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जायची. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ या बंदराची नोंद करून ठेवली आहे. तिथून कापड आणि लाकूड बाहेर जातं, आणि तिथे पर्शियातून नेमलेला ख्रिस्ती बिशप आहे, असं तो लिहितो. हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. अलेक्झांड्रिया तेव्हा कॉन्स्टंटिनोपलच्या सत्तेखाली होतं, त्यामुळे ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाला हा धागा थेट आपल्या दारापर्यंत आलेला दिसेल.

आया सोफिया अर्थातच पाहा. ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत उभी राहिलेली, मूळचं चर्च आणि आता मशीद असलेली ही वास्तू आहे. २०२४ पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्ज्यातच जाता येतं. याबद्दल पुष्कळ जण नाराज असतात, पण आपल्या कामाचं जे आहे ते बरंचसं वरच आहे. तिथल्या संगमरवरी कठड्यावर उत्तर युरोपातून आलेल्या एका शिपायाने तिकडच्या जुन्या रून लिपीत आपलं नाव कोरलेलं आहे. ‘हाल्फदान’ एवढंच वाचता येतं. लांबलचक प्रार्थनेत कंटाळलेल्या कुणी पहारेकऱ्याने ते केलं असावं असं मला नेहमी वाटतं. तिथेच सम्राज्ञी झोईचं मोझेक आहे. तिच्या शेजारच्या सम्राटाचा चेहरा आणि नाव बदललेलं दिसतं, कारण तिची लग्नं तीन झाली. तिच्या दरबारातला लेखक प्सेलोस सांगतो की तिला भरजरी कपड्यांची हौस नव्हती. तिच्या दालनात शेगड्या पेटलेल्या असत आणि दासी अत्तरं नि लेप बनवत असत. राजवाड्यातली खोली आणि बाहेरची अत्तरवाल्यांची रांग, दोन्हीकडे तोच वास.

पाण्यासाठी भूमिगत टाक्याकडे जा. सहाव्या शतकातल्या या टाक्यात ३३६ खांब आहेत आणि सुमारे ८०,००० घनमीटर पाणी मावायचं. शहरातल्या भर रस्त्यावरून जाणारा वॅलेन्सचा जलसेतूही अजून उभा आहे. हे दोन्ही पाहिले की राजधानीत पाणी हे किती मोठं राजकारण होतं ते कळतं.

पण माझ्या दृष्टीने या शहरातली सगळ्यात मोलाची जागा झेरेक मशीद आहे, आणि तिथे फार कमी लोक जातात. हा बाराव्या शतकातला पँटोक्रेटर मठ. सम्राट दुसरा जॉन कोम्नेनोस याने ११३६ साली त्याची नियमावली करून दिली, आणि तिच्यात मठाच्या इस्पितळाचा तपशील आहे. पन्नास खाटा, पाच विभाग. त्यातला बारा खाटांचा विभाग बायकांसाठी, आणि तिथे एक स्त्री वैद्य नेमलेली. तिचा पगार पुरुष वैद्यांपेक्षा कमी होता, हेही त्या कागदातच आहे. प्रत्येक खाटेला गादी, उशी, पांघरूण किती हे ठरवून दिलेलं होतं, आणि हिवाळ्यात जास्तीच्या कांबळी. इस्पितळाची इमारत उरलेली नाही. देवळाची, म्हणजे चर्चची, वास्तू उरली आहे. पण ही नियमावली आधी वाचून गेलात तर त्या टेकडीवर उभं राहिल्यावर जे मनात येतं ते आया सोफियात येत नाही. कुणाच्या तरी आजारपणात त्याच्या उशीची काळजी करणारं राज्य होतं, हे तिथे समजतं.

खोरा मठाचं देऊळ (आता कारिये मशीद) हेही असंच. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर मेटोकाइटिस या बड्या मंत्र्याने ते नव्याने सजवलं. तिथे मेरी आणि जोसेफ कर-नोंदणीसाठी अधिकाऱ्यासमोर उभे आहेत असं एक चित्र आहे. प्रसंग बायबलमधला, पण अधिकारी, कारकून, शिपाई आणि त्यांचे कपडे थेट त्या काळच्या कचेरीतून उचललेले. दुसऱ्या एका चित्रात लहान मेरी आईवडिलांच्या कुशीत आहे. बायझंटाइन चित्रं ताठर असतात, अशी ज्याची समजूत असेल त्याने हे बघावं. २०२४ मध्ये ती मशीद म्हणून पुन्हा उघडली आहे, त्यामुळे नमाजाच्या वेळा आणि शुक्रवार टाळून जा.

तटबंदीपाशी गेलात तर येदिकुलेच्या बाजूला खंदकालगतचे भाजीचे मळे पाहा. दहाव्या शतकात संकलित झालेल्या शेतीच्या एका ग्रंथात कॉन्स्टंटिनोपलच्या हवेत कोणत्या महिन्यात कोणती भाजी पेरायची याचं वेळापत्रक आहे. शहराच्या तटाला लागून भाजी पिकवण्याची ती परंपरा अजून पुरती मेलेली नाही.

आता उणी बाजू. साध्या माणसाचं उभं घर या शहरात तुम्हाला दिसणार नाही. लाकडी घरं वारंवार जळाली, आणि त्याच जागी पाचशे वर्षं दुसरं शहर राहत आलं. उरलं ते देवाचं आणि सरकारचं. मोठ्या राजवाड्यातली सहाव्या शतकातली मोझेकची फरशी ही एक सुंदर जागा होती: गाढवाला चारा देणारं पोर, शेळीचं दूध काढणारा गुराखी, चाकं फिरवत खेळणारी मुलं. पण ते संग्रहालय दुरुस्तीसाठी लांबलचक काळ बंद राहिलं आहे. उघडलं असल्याची खात्री केल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नका. येनिकापीला रेल्वेच्या खोदकामात जुनं बंदर सापडलं, त्यातून ३७ जहाजं निघाली, आणि त्यांच्यासोबत लाकडी फण्या आणि चामड्याच्या चपला अशा बारीकसारीक वस्तूही. हे शोध विलक्षण आहेत, पण आजच्या पर्यटकाला त्यातलं थोडंच बघायला मिळतं.

थोडक्यात, इस्तंबूल वाचून येणाऱ्याला भरभरून देतं आणि न वाचता येणाऱ्याला फक्त थक्क करतं.

थेस्सलोनिकी: वस्तू हाताशी, शहर चालू

साम्राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं हे शहर. पहिल्या भेटीत ते निराश करतं हे मान्य. १९१७ च्या आगीने मधला भाग खाऊन टाकला आणि आता तिथे सिमेंटच्या इमारती आहेत. आया सोफियासारखं श्वास रोखायला लावणारं काही नाही. पण रोजचं जगणं हाच तुमचा प्रश्न असेल तर इथे तुम्हाला एकामागोमाग एक उत्तरं मिळतात, आणि बहुतेक चालत जाण्याच्या अंतरावर.

सुरुवात बायझंटाइन संस्कृती संग्रहालयापासून करा. १९९४ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय मुद्दाम ‘संस्कृती’ समोर ठेवून मांडलेलं आहे. मूर्ती आणि मोझेक यांच्या कौतुकापुरतं ते थांबत नाही. २००५ साली त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कारही मिळाला. इथे एका सुखवस्तू घराचं जेवणाचं दालन भिंतीवरच्या रंगकामासह आणि मोझेकच्या फरशीसह उभं केलं आहे. शेजारी भांडी, दिवे, काचेच्या कुप्या. त्यापुढच्या दालनात थडगी: आतून रंगवलेली, आणि त्यांतून निघालेले दागिने आणि काचसामान. जिवंतपणी काय जपलं आणि मेल्यावर सोबत काय दिलं, हे एकाच इमारतीत लागोपाठ दिसतं. मीनाकाम केलेल्या सोन्याच्या बांगड्या नवव्या-दहाव्या शतकातल्या आहेत; त्यांच्यासमोर आपल्याकडच्या बायका हमखास रेंगाळतील. या संग्रहालयाला घाईघाईत तासाभरात उरकणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. अर्धा दिवस काढा.

दुसरी जागा वरच्या शहरातलं स्नानगृह. कुले कॅफे भागात, थिओटोकोपुलू रस्त्यावर. बांधकाम साधारण बाराव्या शतकाच्या अखेरीचं किंवा तेराव्या शतकाचं, आणि ते वापरात होतं १९४० पर्यंत. इमारत छोटीशी आहे: आधी थंड दालन, मग कोमट, मग गरम, आणि पलीकडे पाण्याची टाकी. स्त्रियांसाठी वेगळी इमारत नाही, म्हणजे पुरुषांच्या आणि बायकांच्या वेळा वेगळ्या होत्या. सात शतकं लोकांनी इथे अंग धुतलं, मधे राज्यं बदलली, भाषा बदलल्या, पण पाणी तापवण्याची सोय तीच राहिली. इस्तंबूलमध्ये बायझंटाइन स्नानाबद्दल वाचता येतं. इथे तुम्ही त्याच्या दारात उभे राहता. दुरुस्तीनंतर ते पाहायला खुलं झालं आहे, वेळ मात्र आधी विचारून घ्या.

तिसरी जागा मेट्रोचं स्टेशन. ही मेट्रो २०२४ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झाली. ती इतकी रखडली त्याचं एक मोठं कारण म्हणजे खोदताना हाती लागलेलं जुनं शहर. वेनिझेलू स्टेशनात रोमन-बायझंटाइन काळातला संगमरवरी मुख्य रस्ता आणि त्याच्या कडेची दुकानं-कारखाने सापडले. ते हलवावेत की जागेवर ठेवावेत यावर शहरात वर्षानुवर्षं भांडण झालं. आज तुम्ही तिकीट काढून खाली उतरता आणि तो बाजाररस्ता समोर असतो. इस्तंबूलमध्ये अत्तरवाल्यांची रांग मनाने मांडावी लागते. इथे दुकानांचे पाये डोळ्यांना दिसतात. माझा कौल थेस्सलोनिकीच्या बाजूने झुकतो तो मुख्यतः या फरकामुळे.

बाजाराचाच धागा धरून पनागिया खाल्केऑन या लाल विटांच्या देवळापाशी जा. १०२८ सालचं हे देऊळ तांबटांच्या वस्तीतलं म्हणून ओळखलं जातं, आणि त्या भागात तांब्या-पितळेची दुकानं अजूनही आहेत. दरवर्षी ऑक्टोबरात इथे शहराचा पालक संत दिमित्रिओस याच्या नावाने मोठी जत्रा भरायची. बाराव्या शतकातलं एक विनोदी लिखाण तिचं वर्णन करतं: वेशीबाहेर तंबूंच्या ओळी, गुरांचे आवाज, इजिप्तपासून स्पेनपर्यंतचा माल. त्याच शतकात इथे आलेला ज्यू प्रवासी तुदेलाचा बेंजामिन या शहरात सुमारे पाचशे ज्यू असल्याचं आणि ते रेशमाचं काम करत असल्याचं लिहून ठेवतो. त्यांना जाच सोसावा लागतो हेही तो लपवत नाही. बायझंटाइन समाजाकडे कौतुकाने बघताना ही बाजू झाकू नये असं मला वाटतं.

दिमित्रिओसच्या देवळाच्या तळघरातही उतरा. संताच्या थडग्यातून सुगंधी तेल झिरपतं अशी श्रद्धा होती. भाविक ते शिशाच्या चपट्या कुपीत भरून गळ्यात घालून घरी न्यायचे. या कुप्या संग्रहालयात आहेत. सोन्याच्या मोझेकपेक्षा मला या कुप्या जास्त बोलक्या वाटतात, कारण त्या गरिबालाही परवडत.

आणि या सगळ्याच्या वर म्हणजे चालू असलेलं जगणं. देवळांत घंटा वाजतात, लोक मेणबत्ती लावतात, उपवास पाळतात. बायझंटाइन वर्षात बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचे आठवडे मांस, अंडी, दूध वर्ज्य असे. ग्रीसमध्ये तो प्रघात अजून आहे आणि त्या दिवसांत उपाहारगृहांत ‘निस्तिसिमा’ म्हणजे उपवासाचे पदार्थ मिळतात: वाल, चणे, मसूर, पालेभाज्या, ऑलिव्ह. शाकाहारी मराठी प्रवाशाला हा काळ फार सोयीचा. एकच सावधगिरी: ऑक्टोपस, माकूळ, शिंपल्या उपवासाला चालतात, तेव्हा विचारून घ्या. दहाव्या शतकात, ९६८ साली, कॉन्स्टंटिनोपलला आलेला क्रेमोनाचा बिशप लिउटप्रांड तिथल्या जेवणाला नाकं मुरडतो. राळ घातलेली दारू, आणि लसूण-कांदा भरून माशांच्या आंबवलेल्या रसात बुडवलेलं बोकड. त्याच्याकडचं जांभळं रेशीमही परतताना अधिकाऱ्यांनी काढून घेतलं, त्यामुळे त्याचा राग समजू शकतो. राळेची चव असलेली दारू ग्रीसमध्ये आजही आवडीने पितात.

मिस्त्रास: घरात शिरता येतं असं एकमेव ठिकाण

वरच्या दोन्ही शहरांत जे नाही ते इथे आहे: पुरं गाव. ग्रीसच्या दक्षिणेला, स्पार्टीपासून काही किलोमीटरवर, टायगेटोस डोंगराच्या उतारावर. १२४९ साली एका फ्रेंच सरदाराने वर किल्ला बांधला, १२६२ साली तो बायझंटाइनांकडे आला आणि त्याच्या आडोशाला वस्ती उतारावर पसरली. १४६० साली ऑटोमन आले. पुढेही लोक राहत होते. एकोणिसाव्या शतकात नवं स्पार्टी वसल्यावर गाव हळूहळू रिकामं झालं.

इथे वळणाच्या अरुंद गल्ल्या आहेत, वेशी आहेत, आणि मुख्य म्हणजे घरं आहेत. लास्कारिस आणि फ्रांगोपुलोस या नावांनी ओळखली जाणारी दोन मोठी घरं नीट पाहा. खाली कमानीचा तळमजला, सामान, पाणी आणि जनावरांसाठी. वर एक लांबट मोठं दालन, तिथेच बसणं, जेवणं, झोपणं. खिडक्या खालच्या मैदानाकडे तोंड करून. भाडोत्री मार्गदर्शकाची गरज नाही. एका घरात दहा मिनिटं उभं राहिलं की दिवस कसा जात असेल ते उलगडतं. पाणी कुठून आणलं, धूर कुठून गेला, थंडीत कुठल्या भिंतीला टेकले.

संग्रहालयात पंधराव्या शतकातल्या एका उमराव स्त्रीच्या थडग्यातून निघालेल्या रेशमी पोशाखाचे अवशेष आणि तिच्या केसांची वेणी आहे. कपडे हे अकराशे वर्षांतलं सर्वात कमी टिकलेलं सामान, म्हणून हा ऐवज दुर्मीळ. पांतानासा मठात जोगिणी आजही राहतात, तेव्हा तिथे खांदे-गुडघे झाकलेले असावेत.

अडचण चढणीची आहे. दगडी पायवाटा गुळगुळीत झालेल्या, सावली थोडी, उन्हाळ्यात दुपारी अंग भाजून निघतं. वरच्या आणि खालच्या अशा दोन दारांनी प्रवेश आहे. वरून सुरुवात करून खाली उतरत आलात तर निम्मा त्रास वाचतो. आणि एक मर्यादा: हे उतरत्या काळातलं, सरदारांच्या पदरचं डोंगरगाव आहे. सहाव्या शतकातल्या गजबजलेल्या शहराची कल्पना इथून करू नका.

रावेन्ना: चेहरे आणि कपडे

इटलीतल्या या गावाबद्दल थोडक्यात. ५४० साली ते बायझंटाइनांनी जिंकलं, ७५१ पर्यंत राखलं. ५४७ साली पवित्र झालेल्या सान विताले या देवळात सम्राट जस्टिनियन आणि त्याची सम्राज्ञी थिओडोरा यांची मोझेक आहेत. दोघंही इथे कधी आले नाहीत, तरी त्यांना पाहायला जग इथेच येतं. आपल्याला त्यांच्यापेक्षा थिओडोरामागच्या बायकांचे नक्षीदार रेशमी कपडे आणि जोडे, शिपायांच्या ढाली आणि पडद्यांची पद्धत जास्त सांगतात. सहाव्या शतकातला पेहराव पाहायचा तर याहून चांगली जागा जगात नाही. थिओडोरा स्वतः शर्यतींच्या मैदानावर अस्वलं सांभाळणाऱ्याची मुलगी. तो भरजरी पदर बघताना हे आठवावं.

सांत युफेमिया देवळाखाली तीनेक मीटर खोलीवर एका मोठ्या घराच्या मोझेकच्या फरशा आहेत, १९९३ मध्ये सापडलेल्या. भिंती नाहीत, फक्त फरशा. याच गावचे सहाव्या शतकातले पपायरसवरचे (जुन्या प्रकारच्या कागदावरचे) दस्तही टिकून राहिले आहेत, जमिनीचे व्यवहार आणि जुन्या कपड्याभांड्यांसकट घरच्या सामानाच्या याद्या, पण ते गावात न राहता इतर ग्रंथालयांत पांगले. म्हणून म्हणतो, मुद्दाम एवढ्यासाठी इतकं लांब जाऊ नये. बोलोन्याला किंवा व्हेनिसला जाणार असाल तर मात्र एक दिवस नक्की द्या. बोलोन्याहून आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो.

मग ठरवायचं कसं

पहिलाच परदेशप्रवास, सोबत वयस्कर आईवडील आणि इतिहासाचं वाचन बेताचं, असं असेल तर इस्तंबूल घ्या. मुंबईहून थेट विमान आहे, खाण्याची आबाळ होत नाही, आणि रोजचं जगणं थोडं कमी सापडलं तरी कुणी रिकाम्या हाताने परतत नाही. फक्त झेरेक, खोरा आणि मिलिऑन ही तीन नावं कागदावर लिहून न्या, कारण नेहमीच्या सहलीत ती बहुधा वगळली जातात.

ज्याला वस्तू बघून विचार करायला आवडतं, ज्याला गर्दी नको आणि ज्याची चार दिवस एकाच गावात राहायची तयारी आहे, त्याने थेस्सलोनिकी. त्यासाठी शेंगेन व्हिसा लागेल आणि एखादं विमान बदलावं लागेल. ऑक्टोबरच्या अखेरीस गेलात तर २६ तारखेचा संत दिमित्रिओसचा दिवस सापडतो. शहर आपल्या संताला अजून विसरलेलं नाही. याच शेंगेन व्हिसावर अथेन्समार्गे मिस्त्रासही होतं. अथेन्सहून स्पार्टी बसने सुमारे तीन-साडेतीन तास. रात्री स्पार्टीत मुक्काम करून सकाळी दार उघडताच वर जा. पोरं बरोबर असतील तर मिस्त्रास त्यांना संग्रहालयापेक्षा कितीतरी जास्त आवडेल, पळायला गल्ल्या आणि चढायला तट आहेत.

दोन्ही शहरं करणाऱ्यांना पुन्हा सांगतो: थेस्सलोनिकी आधी. तिथलं स्नानगृह, जेवणाचं दालन आणि जमिनीखालचा बाजाररस्ता डोळ्यांत घेऊन इस्तंबूलला गेलात की टाक्यातले खांब नुसते खांब राहत नाहीत, त्या पाण्याने कोण न्हायचं ते माहीत असतं. झेरेकच्या टेकडीवर पन्नास खाटा मांडता येतात, मिलिऑनपाशी दुकानं उभी करता येतात. उलट क्रमाने गेलात तर आया सोफियानंतर थेस्सलोनिकीची छोटी देवळं फिकी वाटतील आणि तुम्ही ती घाईने उरकाल. दोन शहरांमध्ये रात्रीची बस मिळते, विमानही. तुर्कीचा व्हिसा वेगळा लागतो. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कीचा ई-व्हिसा मिळण्याची सोय आहे, तिच्या अटी निघण्यापूर्वी ताज्या तपासून घ्या.